जर्मनविद्येचे अभ्यासक

जर्मन भाषा, साहित्य आणि संस्कृती यांच्या अभ्यासकाला जर्मन विद्यापीठांत 'गेर्मानिस्ट' म्हणतात. आज या नावाबरोबर साहित्याचा प्राध्यापक आठवतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हे नाव कायदेपंडितांचे होते. रोमन कायद्याला प्रमाण मानणारे एका बाजूला आणि जर्मन मुलखातल्या जुन्या रूढी, गावसभांचे निवाडे व नगरांच्या सनदा यांतून देशी कायदा शोधणारे दुसऱ्या बाजूला, अशी कायद्याच्या विद्याशाखेतच दुफळी होती. त्यातल्या दुसऱ्या गटाचे हे नाव. सप्टेंबर १८४६ मध्ये फ्रांकफुर्टच्या नगरगृहातल्या बादशाही दालनात या मंडळींची परिषद भरली तेव्हा हा शब्द मोठा झाला. कायदा, इतिहास आणि भाषा या तीन शास्त्रांचे अभ्यासक तिथे एकत्र जमले. कवी लुडविग ऊलांट यांनी अध्यक्षपदासाठी याकोब ग्रिम यांचे नाव सुचवले आणि ते एकमुखाने मान्य झाले. या तिन्ही शास्त्रांचे नाते काय, यावरच ग्रिम यांनी अध्यक्षीय भाषण केले.

त्या वेळी जर्मनी नावाचे एकसंध राष्ट्र अस्तित्वात नव्हते. लहानमोठी राज्ये आणि स्वतंत्र नगरे यांचा एक सैलसर संघ तेवढा होता. एक भाषा बोलणारे ते एक लोक, ही याकोब ग्रिम यांनी परिषदेत मांडलेली व्याख्या म्हणूनच शास्त्रीय होती तितकीच राजकीयही होती. या शास्त्राची ताकद आणि त्याच्यावर पुढे ओढवलेले संकट, दोन्हींची बीजे त्या एका वाक्यात आहेत.

याकोब (१७८५–१८६३) आणि विल्हेल्म (१७८६–१८५९) हे ग्रिम बंधू मुळात कायद्याचे विद्यार्थी. मारबुर्ग विद्यापीठात त्यांना साविनी हे कायदेपंडित शिक्षक म्हणून लाभले आणि साविनींच्या घरच्या ग्रंथसंग्रहात याकोब यांना मध्ययुगीन जर्मन गीतांचा संग्रह सापडला. जुना कायदा समजून घ्यायचा तर जुनी भाषा यायला हवी आणि जुनी भाषा यायची तर जुनी गाणी, कहाण्या, म्हणी वाचायला हव्यात, ही साखळी त्यांना तिथे उमगली. पुढची पन्नास वर्षे दोघे भाऊ त्याच वाटेने चालले. जर्मन कायद्याच्या पुराव्यांवरचा याकोब यांचा ग्रंथ १८२८ चा आहे. खेड्यापाड्यांतले न्यायनिवाडे त्यांनी पुढे खंडोखंडी छापले. व्याकरण, पुराणकथा, लोककथा आणि शब्दकोश ही कामे एकाच टेबलावर चालली होती.

महाराष्ट्रातल्या मुलांना 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून माहीत असलेली गोष्ट ग्रिम बंधूंच्या लोककथांच्या संग्रहातली. त्याचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आई लेकीच्या जिवावर उठते, हे मध्यमवर्गीय घरात मुलांपुढे वाचून दाखवणे विल्हेल्म यांना जड गेले असावे. हे बदल आवृत्तीमागून आवृत्ती ताडून पाहणे हेही जर्मनविद्येचे एक मोठे काम ठरले. हाइन्ट्स र्योलेके या अभ्यासकाने १९७५ मध्ये दाखवून दिले, की ग्रिम बंधूंच्या टिपणांतली 'मारी' ही कोणी म्हातारी दाई नव्हती. ती कासेल शहरातल्या हासेनफ्लुग या सुशिक्षित घरातली तरुण मुलगी मारी होती. तिच्या आईच्या घराण्याचे मूळ फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांत होते. अस्सल जर्मन लोकमानसातून आलेल्या म्हणून ज्या कथांचा गौरव झाला, त्यातल्या काही फ्रेंच वळणाच्या घरात ऐकलेल्या होत्या.

व्याकरणातले याकोब ग्रिम यांचे काम भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटेल, कारण त्यात संस्कृत पदोपदी येते. संस्कृतात 'पाद', 'पिता', 'पशु', 'पंच'. जर्मनमध्ये याच अर्थांचे शब्द आहेत 'फूस' (पाऊल), 'फाटर' (बाप), 'फी' (गुरे), 'फ्युन्फ' (पाच). जिथे संस्कृतात 'प' तिथे जर्मनमध्ये 'फ', आणि हे योगायोगाने नव्हे तर नेमाने घडते. डेन्मार्कचे रास्क यांनी १८१८ मध्ये या दिशेने बरेच दाखवले होते. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये आपल्या व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची नियमबद्ध मांडणी केली. संस्कृतातून जर्मन निघाली असे यावरून ठरत नाही. दोन्ही भाषा एका अधिक जुन्या भाषेच्या वंशज आहेत आणि ध्वनी बदलतात ते नियमाने, हे त्यातून सिद्ध झाले.

या नियमाला एक त्रासदायक अपवाद होता. 'पिता', 'माता', 'भ्राता' या तिन्ही शब्दांत एकच 'त' आहे. जर्मनमध्ये मात्र 'फाटर' आणि 'मुटर' यांत 'ट' येतो आणि 'ब्रुडर' या शब्दात 'ड'. एकाच ध्वनीची ही दोन रूपे का व्हावीत? हे कोडे डॅनिश अभ्यासक कार्ल वेर्नर यांनी सोडवले आणि त्यांचा लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर वैदिक स्वरांत होते. वेदपाठात 'पिता' आणि 'माता' यांचा उदात्त शेवटच्या अक्षरावर पडतो, 'भ्राता' या शब्दाचा पहिल्या अक्षरावर. जर्मन शाखेच्या भाषांतून ती जुनी स्वरव्यवस्था केव्हाच गेली, पण जाताना व्यंजनांवर आपला ठसा ठेवून गेली. बर्लिनमधला मुलगा आज बापाला आणि भावाला हाक मारतो तेव्हा त्याच्या उच्चारातला 'ट' आणि 'ड' यांचा फरक ऋग्वेदाच्या पाठाशी ताडून समजतो. मानव्यविद्यांच्या इतिहासात इतका नेटका शोध क्वचितच लागला असेल. त्याच १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर विल्सन व्याख्याने देत होते. युरोपातल्या या भाषाशास्त्राशी त्यांचा चांगला परिचय होता आणि पुढे ग्योटिंगन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

ग्योटिंगनचे नाव ग्रिम बंधूंच्या चरित्रातही ठळक आहे. १८३७ मध्ये हानोवरचा नवा राजा एर्न्स्ट आउगुस्ट याने राज्यघटना रद्द केली. ग्योटिंगनच्या, ग्रिम बंधू धरून, सात प्राध्यापकांनी आपण या घटनेची शपथ घेतली आहे असे सांगून लेखी निषेध केला. सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातल्या तिघांना तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला आणि त्या तिघांत याकोब होते. बेकार झालेल्या या भावांना प्रकाशकांनी १८३८ मध्ये जर्मन भाषेच्या शब्दकोशाचे काम सुचवले. लूथरपासून ग्योथेपर्यंतच्या ग्रंथांतून प्रत्येक शब्दाचा प्रवास अवतरणांसह दाखवायचा, अशी योजना होती. पहिला खंड १८५४ मध्ये आला. विल्हेल्म 'डी' हे अक्षर पुरे करून गेले. १८६३ मध्ये याकोब यांचे काम थांबले तेव्हा ते 'फ्रुख्ट' म्हणजे फळ या शब्दावर होते. पुढे पिढ्यानपिढ्या संपादक बदलले, दोन महायुद्धे झाली, देशाची फाळणी झाली. फाळणीनंतरही पूर्व बर्लिन आणि पश्चिमेतले ग्योटिंगन यांनी हे काम मिळून चालू ठेवले आणि १९६१ मध्ये ३२ ग्रंथांत ते पुरे झाले. त्यात तीन लाखांहून अधिक शब्दांच्या नोंदी आहेत.

विद्यापीठांत या विषयाला स्वतंत्र जागा मिळायला वेळ लागला. फॉन डेर हागेन हे १८१० मध्ये नव्या बर्लिन विद्यापीठात जर्मन भाषा-साहित्याचे प्राध्यापक झाले, तेव्हा लॅटिन आणि ग्रीकच्या पंडितांना मातृभाषेचे अध्यापन हा पोरखेळ वाटत होता. कार्ल लाखमान यांनी हा समज मोडला. ग्रीक-लॅटिन ग्रंथांची पाठचिकित्सा ज्या कसोशीने होते, त्याच कसोशीने त्यांनी 'नीबेलुंगन' महाकाव्याची आणि मध्ययुगीन कवींची संहिता सिद्ध केली. हस्तलिखितांची वंशावळ लावून मूळ पाठापर्यंत पोहोचण्याची ही रीत पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे मराठी वाचकांनाही ऐकून माहीत आहे. १८५८ मध्ये कार्ल बार्टश यांनी रोस्टोक येथे जर्मनविद्येचे पहिले सेमिनार स्थापन केले. नंतर विभाग वाढले, पदे वाढली आणि शाळांना जर्मनचे शिक्षक पुरवणे हे विद्यापीठांचे नेहमीचे काम होऊन बसले. या वाढीत एक नुकसानही झाले. कायदेपंडित आपल्या विभागात गेले, इतिहासकार आपल्या. फ्रांकफुर्टच्या दालनात एकत्र बसलेली तीन शास्त्रे पुन्हा आपापल्या खोल्यांत गेली.

सगळे काम विद्यापीठाच्या भिंतींआड झाले असेही नाही. गेओर्ग वेंकर या तरुण अभ्यासकाने १८७६ मध्ये ऱ्हाइन नदीच्या भागातल्या शाळामास्तरांना काही साधी वाक्ये छापून पाठवली आणि ती आपल्या गावच्या बोलीत लिहून पाठवा अशी विनंती केली. पुढे चाळीस वाक्यांचा हा तक्ता सगळ्या जर्मन साम्राज्यभर गेला आणि चाळीस हजारांहून अधिक गावांतून उत्तरे आली. वेंकर यांनी मारबुर्गमध्ये बसून त्यांचे हाताने रंगवलेले नकाशे केले. बोलींच्या सीमा सरळ आणि स्वच्छ असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एका शब्दाची सीमारेषा एका गावावरून जाई, तर दुसऱ्या शब्दाची तिसऱ्याच गावावरून. 'करणे' या अर्थी उत्तरेकडे 'माकन' म्हणतात आणि दक्षिणेकडे 'माखन'. ही रेषा ड्युसेलडॉर्फजवळ बेनराट येथे ऱ्हाइन ओलांडते, पण इतर शब्दांच्या रेषा तिथून पंख्यासारख्या फाकत जातात. बोली म्हणजे कप्पे नव्हेत, ती एकात एक मिसळत जाणारी पट्टी आहे, हे ज्ञान जगाला मिळवून देण्यात त्या अनाम शाळामास्तरांचा वाटा फार मोठा आहे. कोकणातून देशावर आणि तिथून वऱ्हाडात जाताना मराठी कशी बदलते हे अनुभवलेल्या माणसाला वेंकर यांचे नकाशे चटकन कळतील. भारतात ग्रिअर्सन यांनी भाषांची पाहणी केली तेव्हा बायबलातल्या उधळ्या पुत्राची एकच कथा ठिकठिकाणच्या बोलींत मिळवली. त्या पाहणीचा सातवा खंड मराठीवर आहे.

विसाव्या शतकात या शास्त्राची कसोटी लागली आणि त्यातले बहुसंख्य लोक तिला उतरले नाहीत. एक भाषा, एक लोक या सूत्रात 'एक रक्त' हे तिसरे पद मिसळले गेले. ज्यांच्याकडून भाषेची पारख अपेक्षित होती, तेच घोषणांच्या मागे गेले. १० मे १९३३ रोजी जर्मन विद्यापीठांच्या गावांत विद्यार्थ्यांनी पुस्तकांच्या होळ्या केल्या. बॉनमध्ये हान्स नाउमान आणि ग्योटिंगनमध्ये गेरहार्ट फ्रिके या जर्मनविद्येच्या अध्यापकांनी त्या वेळी भाषणे केली. हाइन्रिश हाइने, केस्टनर, हाइन्रिश मान अशांच्या पुस्तकांना आगी लावताना त्या साहित्याच्या शिक्षकांनी शब्दांचे बळ पुरवावे, यापरता लाजिरवाणा प्रसंग या शास्त्राच्या इतिहासात दुसरा नाही. १९३६ च्या डिसेंबरात बॉन विद्यापीठाने कादंबरीकार टोमास मान यांची सन्मान्य डॉक्टरेट काढून घेतली. त्या पत्रावर सही करणारे अधिष्ठाता ओबेनाउअर हेही जर्मन साहित्याचेच प्राध्यापक होते. मान यांचे उत्तर पुढच्या वर्षी छापले गेले आणि जगभर वाचले गेले. पदवी त्यांना १९४६ मध्ये परत मिळाली.

आगाटे लाश (१८७९–१९४२) यांचे चरित्र या काळाचे सगळ्यात कठोर साक्षीपत्र आहे. बर्लिनच्या एका ज्यू व्यापारी कुटुंबातली ही मुलगी आधी शिक्षिका झाली. बर्लिनमधले प्राध्यापक गुस्टाव र्योटे बायकांना वर्गात बसू देत नसत, म्हणून ती हायडेलबर्गला गेली आणि १९०९ मध्ये डॉक्टर झाली. बर्लिनची लेखनभाषा सोळाव्या शतकापर्यंत कशी घडली, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. मायदेशी नोकरीची वाट नव्हती, म्हणून तिने काही वर्षे अमेरिकेत ब्रिन मॉर कॉलेजात शिकवले. तिथे असताना १९१४ मध्ये उत्तर जर्मनीच्या मध्ययुगीन भाषेचे तिचे व्याकरण प्रसिद्ध झाले. व्यापारी शहरांच्या हान्झा संघाचा कारभार ज्या भाषेत चाले त्या भाषेचे हे व्याकरण अभ्यासक आजही हाताशी ठेवतात. पहिल्या महायुद्धात त्या परतल्या. १९२३ मध्ये हाम्बुर्गने त्यांना प्राध्यापकपद दिले. जर्मनविद्येत हे पद मिळालेल्या त्या जर्मनीतल्या पहिल्या स्त्री. हाम्बुर्गच्या बोलीचा कोश आणि मध्ययुगीन उत्तर जर्मन भाषेचा कोश, असे दोन मोठे कोश त्यांच्या हातून सुरू झाले. खलाशी, कोळी, बाजारातल्या बायका यांच्या तोंडचे शब्द त्या कोशासाठी टिपले जात होते.

१९३४ मध्ये त्यांना नोकरीवरून काढले गेले. त्यांना राहू द्यावे म्हणून परदेशातल्या विद्वानांनी रदबदली केली, पण ती फळाला आली नाही. पुढे ज्यूंना ग्रंथालयांचे दरवाजेच बंद झाले. कोशकाराला ग्रंथालय बंद करणे म्हणजे त्याचे हात तोडणेच. परदेशातून आलेल्या बोलावण्यांना सरकारने आडकाठी केली. १९४२ च्या जुलैत त्यांचा खासगी ग्रंथसंग्रह जप्त झाला आणि ऑगस्टमध्ये त्यांना बहिणींसह रिगाकडे जाणाऱ्या गाडीत घालण्यात आले. रिगाजवळ त्यांची हत्या झाली. ज्या भाषेच्या जुन्या व्याकरणासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याच भाषेत त्यांच्या हद्दपारीचा हुकूम लिहिला गेला होता. त्यांनी सुरू केलेला हाम्बुर्ग बोलीचा कोश २००६ मध्ये पुरा झाला.

त्याच वर्षांत जर्मन भाषेवर चाललेला सर्वांत सावध अभ्यास एका फ्रेंचच्या प्राध्यापकाने केला. व्हिक्टर क्लेम्परर ड्रेस्डेनमध्ये फ्रेंच साहित्य शिकवत. ज्यू म्हणून १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. पत्नी एफा ज्यू नसल्यामुळे त्यांचा जीव कसाबसा राहिला. घर गेले, ग्रंथालय गेले, टंकलेखन यंत्रही गेले. मग त्यांनी आजूबाजूची भाषाच अभ्यासाला घेतली. वर्तमानपत्रे, रेडिओवरची भाषणे, गेस्टापोच्या शिव्या, मृत्यूच्या जाहिराती, कारखान्यातल्या सोबत्यांचे बोलणे असे सगळे ते रोज टिपून ठेवत. 'फनाटिश' म्हणजे धर्मवेडा किंवा माथेफिरू. पूर्वी हा शब्द निंदेचा होता. राजवटीने तो कौतुकाचा केला आणि माथेफिरू निष्ठा, माथेफिरू शौर्य अशी प्रशस्तिपत्रे वाटली जाऊ लागली. राजवटीचा द्वेष करणारी माणसेसुद्धा नकळत हेच शब्द वापरू लागतात, हे क्लेम्परर यांचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. लिहिलेले कागद एफा पिर्ना या गावच्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन लपवत असे. पकडली गेली असती तर तिघांचाही जीव गेला असता. या टिपणांवर आधारलेले पुस्तक १९४७ मध्ये आले आणि रोजनिशी १९९५ मध्ये. कोणत्याही देशात सत्तेची भाषा तपासायची असेल तर हे पुस्तक हाताशी असावे.

युद्धानंतर विद्यापीठे पुन्हा उघडली तेव्हा बरेचसे जुने प्राध्यापक पुन्हा जुन्याच खुर्च्यांवर बसले. कवितेतल्या प्रतिमा आणि लय एवढ्यापुरते बोलायचे, इतिहासाचे नावही काढायचे नाही, अशी रीत पडली. १९६६ मध्ये म्युनिक येथे जर्मनविद्येच्या अध्यापकांची परिषद झाली. तिथे एबरहार्ट लेमर्ट, कार्ल ओटो कोन्राडी, वाल्टर किली आणि पेटर फॉन पोलेन्त्स यांनी आपल्या शास्त्राचा राष्ट्रवादी इतिहास उघडपणे मांडला. आधीच्या पिढीला ते झोंबले, विद्यार्थ्यांना मात्र ऐकायचे होते तेच होते. तरीही १९९५ मध्ये जे उघड झाले त्याची कल्पना कोणी केली नव्हती. हान्स श्वेर्टे हे उदार विचारांचे, मान्यवर साहित्याभ्यासक. १९७० ते १९७३ मध्ये ते आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि फाउस्टच्या मिथकाचा राष्ट्रवादाने कसा वापर केला यावर त्यांचे चांगले पुस्तक आहे. त्यांचे खरे नाव हान्स एर्न्स्ट श्नायडर होते आणि ते हिटलरच्या एसएस संघटनेत अधिकारी होते. १९४५ मध्ये नाव बदलून त्यांनी दुसऱ्यांदा शिक्षण घेतले, स्वतःच्याच पत्नीशी दुसऱ्यांदा लग्न केले आणि अर्धे शतक दुसऱ्या नावाने काढले.

जर्मनीबाहेर हा अभ्यास वेगळ्या वळणाने गेला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत जर्मन भाषेवर गहजब उठला. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने एका मुलाला बायबलातल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवल्या म्हणून त्याला दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. हा निकाल अमेरिकी कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकावा लागतो. पुढे हिटलरच्या जर्मनीतून पळालेल्या ज्यू कुटुंबांतली मुले अमेरिकेत इतिहासकार झाली. बर्लिनचे पीटर गे आणि जॉर्ज मॉसे, ब्रेसलाउचे फ्रिट्स स्टर्न ही त्यातली नावे. आपल्याला हाकलणारी संस्कृती कशी घडली, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो सोडवताना त्यांनी कादंबऱ्या, चित्रे, शाळांची पुस्तके, जिमखाने, स्मारके असे मिळेल ते साधन वापरले. जर्मन चित्रपटांवरचे झिगफ्रीट क्राकाउअर यांचे १९४७ चे पुस्तक याच जातीचे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि आज 'जर्मन स्टडीज असोसिएशन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेत इतिहास, साहित्य आणि राज्यशास्त्राचे लोक एकाच मांडवाखाली येतात. याकोब ग्रिम यांच्या फ्रांकफुर्टच्या परिषदेची खरी वारस हीच म्हणावी लागेल.

ब्रिटनमधल्या अभ्यासकांना युद्धाने वेगळेच काम दिले. बोर्डाच्या परीक्षांचे पेपर तपासणारे जर्मनचे प्राध्यापक ब्लेचली पार्क येथे शत्रूचे संदेश उलगडायला बसले. अठराव्या शतकातल्या जर्मन समाजावर १९३५ मध्ये उत्तम ग्रंथ लिहिणारे वॉल्टर ब्रुफर्ड त्यांतले एक. सांकेतिक लिपी फोडणे गणितज्ञांचे काम खरे, पण फुटलेल्या मजकुरातली तुटकी वाक्ये आणि लष्करी संक्षेप लावायला भाषेची जाण लागे.

ऑक्सफर्डचे माल्कम पासली यांची कामगिरी अधिक शांत होती. फ्रांट्स काफ्का १९२४ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या तीनही कादंबऱ्या अपुऱ्या आणि अप्रकाशित होत्या. मित्र माक्स ब्रोड यांनी त्या छापल्या, पण छापताना विरामचिन्हे घातली, प्रकरणांचा क्रम लावला, काही भाग वगळला. हस्तलिखितांचा मोठा भाग पुढे एका स्विस बँकेच्या तिजोरीत होता. काफ्काच्या बहिणीचे नातेवाईक इंग्लंडमध्ये होते आणि पासली यांची त्यांच्याशी ओळख झाली. १९६१ मध्ये पासली स्वतः आपल्या छोट्या मोटारीतून ती हस्तलिखिते ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात घेऊन आले. मग वहीतल्या ओळी, खाडाखोड, शाईचे बदल तपासत काफ्काचा मजकूर काफ्काच्या रूपात पुन्हा छापण्याचे काम सुरू झाले. 'किल्ला' ही कादंबरी काफ्काने आधी 'मी'ने सुरू केली होती. काही प्रकरणे लिहून झाल्यावर त्याने मागे जाऊन प्रत्येक 'मी' खोडला आणि त्या जागी 'के.' लिहिले. वहीतल्या त्या खाडाखोडी पाहिल्या की समीक्षेची कित्येक पाने वाचून मिळत नाही ते कळते. 'खटला' कादंबरीचे हस्तलिखित १९८८ मध्ये लंडनच्या लिलावात दहा लाख पौंडांना विकले गेले आणि आता ते मारबाखच्या जर्मन साहित्य संग्रहालयात आहे.

काफ्का प्रागचा, ज्यू घरातला. त्याच्या शहरात रोजच्या बोलण्यात चेक भाषा होती. पाउल त्सेलान हा कवी चेर्नोव्हित्सचा, जे आज युक्रेनमध्ये आहे. जर्मन साहित्याचा नकाशा जर्मनीच्या नकाशाशी कधीच जुळला नाही. १९६१ मध्ये तुर्कस्तानाशी कामगारांचा करार झाला आणि त्यानंतर आलेल्या लोकांनी व त्यांच्या मुलांनी जर्मनमध्ये लिहायला सुरुवात केली. एमिने सेव्हगी ओझदामार या १९६५ च्या सुमारास कामगार म्हणून बर्लिनला आल्या होत्या. २०२२ मध्ये त्यांना ब्यूखनर पारितोषिक मिळाले. जर्मन साहित्यात याहून मोठा मान नाही. अभ्यासकांनाही मग आपली चौकट बदलावी लागली. आंतरराष्ट्रीय जर्मनविद्या परिषद १९५१ मध्ये स्थापन झाली. तिची अधिवेशने पुढे टोकियो, वॉर्सा आणि शांघायलाही भरली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले अनिल भट्टी यांनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बहुभाषी साम्राज्याकडे भारतीय बहुभाषिकतेच्या अनुभवातून पाहिले. एका माणसाने घरात एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणे हे युरोपी अभ्यासकाला समस्येसारखे दिसे. भारतीय अभ्यासकाला ती रोजची गोष्ट होती. भट्टी यांना ग्रिम बंधूंच्या नावाचे पारितोषिक मिळाले ते यथायोग्यच होते.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. पांडुरंग दामोदर गुणे भाषाशास्त्र शिकायला लाइप्झिशला गेले होते. इरावती कर्वे यांनी बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. जर्मन नाटककार ब्रेश्टची नाटके मराठी रंगभूमीने आपलीशी केली. खानोलकरांचे 'अजब न्याय वर्तुळाचा' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' ही त्यांची ठळक उदाहरणे. त्या प्रवासात वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्स बेनेविट्स यांचा सहभाग होता. आज पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन, मुंबईत विद्यापीठाचा जर्मन विभाग ही शिकण्याची परिचित ठिकाणे आहेत. २०२० च्या पाहणीनुसार जगभर सुमारे १ कोटी ५४ लाख लोक जर्मन शिकत होते. पुण्यातल्या वर्गांत बसणाऱ्यांना मुख्यतः अभियांत्रिकीचे उच्चशिक्षण, मोटार कंपन्यांतली नोकरी किंवा परिचारिकेचे काम हवे असते आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ही मागणी आणखी वाढली आहे.

त्या विद्यार्थ्यांपैकी थोडे जरी व्याकरणाच्या पुस्तकापलीकडे गेले तरी मराठीचा फार फायदा होईल. क्लेम्परर यांची रोजनिशी, आगाटे लाश यांचे बर्लिनच्या बोलीवरचे पुस्तक, काफ्काच्या वह्यांतून सिद्ध झालेले पाठ ही पुस्तके जर्मनमधून थेट मराठीत यायला हवीत. या अनुवादांसाठी साधनेही हाताशी आहेत: ग्रिम यांचा अख्खा कोश इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो.